डॉक्टरसाबांचा आखाड

समोरचा पुरुष अडखळायला लागला की आमचे डॉक्टरसाब नाकावरचा चष्मा काढत आणि टेबलावर पालथा ठेवत. त्या चष्म्याच्या काचा बाटलीच्या बुडाइतक्या जाड होत्या. "आता मला काहीच दिसत नाही," ते म्हणत. "तुम्ही कोण, कुठले, मला ठाऊक नाही. बोला." आणि ते खरंच होतं. चष्म्याशिवाय समोर माणूस बसलाय की पोतं ठेवलंय, हेही त्यांना कळत नसे. माणूस मग भिंतीकडं बघत, मांडीवरची टोपी चुरगाळत का होईना, बोलायला लागे.

मी पडद्याआड असे, औषधं करत. डॉक्टरसाबांना चष्मा काढून ठेवता येई, मला कान काढून ठेवायची सोय नव्हती. त्यामुळं सत्तरच्या दशकात सेलूच्या पंचक्रोशीतल्या पुरुषांना काय काय झालं होतं, हे डॉक्टरसाबांच्या खालोखाल मला माहीत आहे. ते सगळं माझ्याबरोबरच जाणार आहे, काळजी नसावी. मी इथं फक्त डॉक्टरसाबांविषयी सांगतोय, आणि थोडं माझ्याविषयी.

दवाखान्यात तापाचे, जुलाबाचे, विंचू चावलेले असे सगळेच येत. पण एका दुखण्यासाठी परभणीहूनसुद्धा माणसं गाडीनं येत, कारण त्याबद्दल इतर डॉक्टर एक तर हसत नाहीतर रागावत. तुमच्याही गावात त्या दुखण्याला कुणी 'कमजोरी' म्हणत असेल, कुणी आणखी काही. आमच्याकडं तर ते दुखणं स्वतःला कधी कुणाला झालंच नाही. ते नेहमी मित्राला व्हायचं.

"डॉक्टरसाब, माझ्या एका दोस्ताला जरा तरास हाय."

"अस्सं. दोस्ताचं वय किती?"

"माझ्याएवढंच."

"लग्न होऊन किती वर्षं झाली दोस्ताला? दारू पितो? बीपीच्या गोळ्या घेतो?" असं सगळं शांतपणे विचारून झालं की डॉक्टरसाब म्हणत, "चला, दोस्ताला टेबलावर झोपवा. पोट बघू." आणि तो माणूस गुमान टेबलावर जाऊन झोपे. केसपेपरवर नावाच्या जागी डॉक्टरसाब खरोखरच 'दोस्त' असं लिहीत. आमच्या कपाटात अशा दोस्तांचा एक अख्खा खण होता.

त्यांचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न शेवटी यायचा. "सकाळी जाग येते, तेव्हा काय हालत असते?" माणूस आधी गोंधळे, मग हळूच म्हणे, "तवा असतं की बराबर." डॉक्टरसाब टेबलावर थाप मारत. ते हैदराबादला शिकलेले, खुशीत आले की त्यांच्या मराठीत उर्दू मिसळे. "मग शरीर तंदुरुस्त आहे, मियाँ. शरीराचा मालक घाबरलाय, बस. इलाज होईल."

सकाळीही काही नसतं असं कुणी सांगितलं, तर मात्र ते गंभीर होत. पायाची नाडी बघत, कोणती औषधं चालू आहेत ते बारकाईनं विचारत आणि मला हाक मारत, "बरखुरदार, दिवा लावा." मी स्पिरिटचा दिवा लावून परीक्षानळीत निळं औषध घेई, त्यात आठ थेंब लघवी टाकून उकळी. निळंच राहिलं तर ठीक, हिरवं-पिवळं झालं तर साखर आहे, आणि विटेसारखं लाल झालं तर लय साखर आहे. मर्दानगी शोधायला आलेल्या किती जणांना मी अशी साखर सापडवून दिली, त्याला गणती नाही.

एकदा बाजाराच्या दिवशी तंबू ठोकून ताकदीच्या बाटल्या विकणारा एक बाबा आला होता. डॉक्टरसाबांनी मला पाठवून एक बाटली आणवली आणि त्यातलं औषध लघवीऐवजी नळीत टाकून उकळायला लावलं. नळी लालबुंद झाली. बाटलीत गुळाचं पाणी होतं. "बिचाऱ्या बाटलीला मधुमेह झालाय," डॉक्टरसाब म्हणाले, आणि पुढचे आठ दिवस येईल त्याला ती नळी दाखवत बसले.

सुईच्या बाबतीत ते फार कडक होते. खेड्यातल्या माणसाला सुई टोचल्याशिवाय दवाखान्यात गेल्यासारखं वाटत नाही. कमजोरीवाले तर हात जोडून 'गरम सुई' मागत. डॉक्टरसाब देत नसत. गरज नसताना सुई टोचणारा डॉक्टर आणि दुधात पाणी घालणारा गवळी हे एकाच माळेचे मणी, असं ते म्हणत. गिऱ्हाईक रागावून दुसरीकडं जाई, तरी देत नसत.

सगळ्यांचंच बरं होई असं नाही. एक गुरुजी यायचे, पन्नाशीच्या आतले, फार वाचणारे. त्यांची नळी लाल झाली. गोळ्या, पथ्य, फिरणं सगळं वर्षभर त्यांनी पाळलं, साखर उतरली, पण ज्यासाठी आले होते ते काही परत आलं नाही. डॉक्टरसाबांनी त्यांना बायकोला घेऊन बोलावलं. दोघांना समोर बसवून म्हणाले, "गुरुजी, मी खोटं बोलणार नाही. साखरेनं नसा खाल्ल्या आहेत. आज माझ्याकडं याला औषध नाही." गुरुजींनी मान खाली घातली. बाई मात्र म्हणाल्या, "माणूस हाय न्हवं माझ्यासमोर? मग झालं. मी तर ह्यांच्या पायाच्या जखमेचं इचारायला आले होते." डॉक्टरसाब उठून उभे राहिले. गुरुजींनी जाताना 'जय भीम' केला, डॉक्टरसाबांनीही 'जय भीम' म्हटलं, आणि त्या दिवशी पुढचा पेशंट आत घ्यायला त्यांनी बराच वेळ लावला.

आता आखाडाचं सांगतो. घाबरलेल्या मालकांवर त्यांचा एकच इलाज होता आणि केसपेपरवर ते एकच शब्द लिहीत, 'आखाड'. नव्या नवरीला पहिल्या आषाढात माहेरी नेतात. महिनाभर नवऱ्या-बायकोनं लांब राहायचं आणि सासू-सुनेनं एकमेकींचं तोंडही बघायचं नाही, याला आमच्याकडं आखाड पाळणं म्हणतात. डॉक्टरसाब हा आखाड कार्तिकात नाहीतर चैत्रातही लावत. "तुम्ही रोज परीक्षेला बसता आणि रोज नापास होता," ते म्हणत. "आता महिनाभर परीक्षाच बंद. बायकोशी बोला, तिचा हात धरा, पाय चेपून द्या, पण त्यापुढं जायचं नाही. माझी सक्त मनाई आहे." मनाई झाली की माणसाची भीती जाते, आणि भीती गेली की बाकीचं आपोआप जागेवर येतं, असं त्यांचं शास्त्र होतं. बहुतेकांचा आखाड पंधरा दिवसांतच मोडे. मोडला की माणूस लाजत सांगायला येई आणि डॉक्टरसाब त्याला खोटं खोटं झापत.

एक दोस्त मात्र महिना भरल्यावर रडकुंडीला येऊन आला. "डॉक्टरसाब, आखाड पाळला. एक दिस मोडला न्हाई. पर काईच फरक न्हाई."

"बायकोशी बोलता का?"

"कसं बोलावं? ती गंगाखेडला हाय की, माहेरी. आखाड म्हनल्यावर दुसऱ्याच दिशी नेऊन सोडली."

डॉक्टरसाबांनी डोक्याला हात लावला. "अहो, ती घरात पाहिजे. ती घरात नसेल तर मी मनाई कशाची केली?" तेव्हापासून 'आखाड' या शब्दापुढं ते कंसात 'बायको घरीच' असंही लिहायला लागले.

हे सगळं मी पडद्याआडून ऐकत होतो आणि हसत होतो. मग माझं लग्न झालं.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. फाल्गुनात झरी गावची मुलगी लग्न होऊन माझ्या घरात आली. सावळी, ठेंगणी, बोलण्यात सरळ. पहिल्या दिवशी काही जमलं नाही, दमलो असेन म्हणून सोडून दिलं. दुसऱ्या दिवशीही तेच. त्यानंतर मात्र दिवेलागण झाली की मी काही निमित्त काढून बाहेर ओट्यावर जाऊन बसायला लागलो. चार महिने असे गेले. ती काही बोलत नव्हती, त्याचंच मला जास्त वाटे. दुनियेच्या दोस्तांची लक्षणं मला तोंडपाठ होती, पण स्वतःचं तोंड उघडेना. लोकांचं ऐकून हसलेला माणूस कोणत्या तोंडानं त्याच स्टुलावर बसणार? शेवटी एका मंगळवारी, दवाखान्याची औषधं आणायला परभणीला गेलो असताना, तिथल्या बाजारातल्या तंबूतून मी ताकदीची एक बाटली घेतली. तिच्यात काय असतं हे मीच उकळून बघितलं होतं, तरी घेतली. गोड होती.

इकडं आषाढ तोंडावर आला. झरीहून मेव्हणा तिला न्यायला येणार होता. ती महिनाभर माहेरी जाणार, तिची आई तिला जवळ घेऊन विचारणार, आणि मग ती परत येणार नाही, हे मला दिसत होतं. आणि आली नसती तरी तिचं काय चुकलं असतं? त्याहून वाईट म्हणजे, ती गप्प राहिली तर वर्षा-दोन वर्षांत लोकांनी तिलाच वांझ ठरवलं असतं. माझ्या आईनं तर तिला एका बाईकडं झाडपाला आणायला नेलंही होतं. मला जेवण जाईना.

आणि एके दिवशी दुपारी, शेवटचा पेशंट गेल्यावर, डॉक्टरसाब म्हणाले, "बरखुरदार, पडदा सोडून बाहेर या. बसा इथं." मी स्टुलावर बसलो. त्यांनी माझ्याकडं बघितलं, चष्मा काढला आणि टेबलावर पालथा ठेवला.

मी काही बोललो नव्हतो, एक अक्षरही नाही. तरी त्यांनी माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं होतं. माझा बांध फुटला. मी तेवढ्यातही म्हणालो, "माझ्या एका दोस्ताला..."

"हां," डॉक्टरसाब म्हणाले, "सांगा दोस्ताचं."

सगळं सांगून झाल्यावर त्यांनी शेवटचा प्रश्न विचारला. मी म्हटलं, "सकाळी असतं बरोबर." त्यांनी टेबलावर थाप मारली. "म्हणजे आखाड. कंसात काय ते तुम्हाला माहीत आहे."

"पण साब, खरा आखाड आलाय. तिला न्यायला यायलेत."

"उद्या तिला घेऊन या. बघू."

दुसऱ्या दिवशी त्यांनी तिच्या डोळ्याची पापणी खाली ओढून बघितली, नखं बघितली आणि म्हणाले, "रक्त कमी आहे. लिव्हरच्या अर्काची पंधरा इंजेक्शनं, एक दिवसाआड. प्रवास बिलकुल बंद." मला काही ती फिकट वाटली नव्हती. पण विनाकारण सुई टोचणारा हा माणूस नव्हे, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? "इंजेक्शन घरीच द्यायचं, तुमच्या हातानं. फार दुखतं ते. दिल्यावर दंड चांगला अर्धा तास शेकायचा आणि हळू हळू चोळायचा. समजलं?"

ती खाली मान घालून बसली होती.

मेव्हणा आला, तो तावातावानं दवाखान्यातच. "पहिल्या आखाडात पोरगी सासरी ऱ्हाती व्हय कुठं? लोक काय म्हनतील?"

"लोकांना माझ्याकडं पाठवा," डॉक्टरसाब म्हणाले. "आखाड महिन्याचा असतो, रक्त जन्माचं. तिला एसटीत चक्कर आली तर तुम्ही जबाबदार का?" मेव्हणा बिचारा चहा पिऊन परत गेला.

राहिली आई. पहिल्या आखाडात सुनेचं तोंड बघायचं नाही, आणि सून तर घरातून हलत नाही. आई दोन दिवस फणफणली, मग म्हणाली, "ती जाईना तर मीच जाते. लेक हाय मला जिंतूरला." आणि महिन्याचं लुगडं-चोळी बोचक्यात बांधून ती निघूनही गेली. मी हे डॉक्टरसाबांना सांगितलं तेव्हा ते खिशातल्या भाजक्या शेंगा खात होते. "अरेरे," ते म्हणाले, आणि शेंगा खात राहिले.

तर अशा रीतीनं त्या दोन खोल्यांत आम्ही दोघंच उरलो. दिवस मावळायच्या आत मी घरी येई, स्टोव्हवर काचेची पिचकारी उकळायला ठेवी, आणि ती बाही सरकवून बसे. लिव्हरचं इंजेक्शन दाट, तपकिरी. गडीमाणूस विव्हळतो. ती दात आवळून भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघे. मग मी तव्यावर फडकं गरम करून तिचा दंड शेके. अर्धा तास काही मुक्यानं बसता येत नाही. पहिल्या दिवशी आम्ही पावसापाण्याचं बोललो. तिसऱ्या इंजेक्शनाला तिनं झरीच्या शाळेतल्या मास्तरांची नक्कल करून दाखवली. पाचव्याला मी तिला तंबूतल्या बाटलीचं कबूल केलं, ती हसून हसून कलंडली, आणि मीही हसलो. तिच्यासमोर मी चार महिन्यांत पहिल्यांदा हसत होतो. कशाला घाबरायचं कारणच नव्हतं, कारण डॉक्टरांची सक्त मनाई होती. सातव्याला शेकायचं फडकं गार झालं तरी माझा हात तिथंच होता.

अकराव्या इंजेक्शनाला आखाड मोडला.

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेलो तो मान खाली घालूनच. "साब," मी म्हटलं, "दोस्ताचा आखाड मोडला."

"मोडला? मी सक्त मनाई केली असताना मोडला? शरम नाही वाटत दोस्ताला?" असं म्हणता म्हणता त्यांना हसू फुटलं, हसण्याचा खोकला झाला, आणि मला त्यांना पाणी द्यावं लागलं. मग डोळे पुसत म्हणाले, "इंजेक्शनं बंद करा. रक्त भरलं तिचं."

"अजून चार राहिली आहेत."

"भरलं म्हणतो ना मी. डॉक्टर कोण आहे?"

त्यानंतर आम्हाला दोन मुली झाल्या. डॉक्टरसाब अधूनमधून जेवायला येत. ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची ओली चटणी एवढंच मागत. जेवताना मी पाहुण्यांपुढं हटकून त्यांची बढाई मारी. "चेहरा बघून रोग ओळखणारा माणूस आहे. मी तोंडातून शब्द काढला नव्हता, तरी यांनी नुसत्या चेहऱ्यावरून माझं दुखणं ओळखलं." कोणतं दुखणं, ते अर्थातच सांगत नसे. डॉक्टरसाब भाकरी मोडत म्हणत, "चेहरा बोलतो, भाई, चेहरा बोलतो." ती त्यांच्या ताटात आणखी चटणी वाढे.

डॉक्टरसाब गेले ते खुर्चीतच, दोन पेशंटांच्या मधे. अंत्ययात्रेला एवढे पुरुष जमले की गावातली कापसाची जिनिंग बंद ठेवावी लागली. स्मशानात भाषणं झाली. डॉक्टरसाबांनी माझा दमा बरा केला असं एकानं सांगितलं, दुसऱ्यानं मूळव्याध सांगितली, एक जण तर मोतीबिंदू म्हणाला. मी मागं उभा होतो आणि प्रत्येकाचा केसपेपर मला आठवत होता. खरं सांगायचं तर, रडण्याऐवजी मला हसू आवरत नव्हतं. डॉक्टरसाबांना हे आवडलं असतं, एवढंच मनात येत होतं.

घरी येऊन अंघोळ करून बसलो. ती मेथी निवडत होती. मी म्हटलं, "असा डॉक्टर पुन्हा व्हायचा नाही. नुसता चेहरा बघून ओळखायचा."

"चेहऱ्यावरून न्हाई वळखलं तुमचं," ती म्हणाली. "मी गेले होते."

"कुठं?"

"दवाखान्यात. तुमी त्या मंगळवारी औषधं आनायला परभणीला गेलावता, तवा." ती मेथीच्या काड्या बाजूला करत राहिली. "म्हनले, मला आखाडात न्यायला यायलेत. गेले की आई इचारनार, अन् मला आईसंगं खोटं बोलता येत न्हाई. ह्यांचं नाव खराब होईल. मला जायचं न्हाई, मला हितंच ऱ्हायचंय. माझ्यातच काईतरी दुखनं काढा, म्हनले, अन् थांबवा मला."

"मग ते काय म्हणाले?"

"म्हनले, काढतो. पर सगळ्यांना खरं वाटायला सुई लागंल, अन् ती लय दुखती. मी म्हनले, दुखू द्या."

"म्हणजे तुला रक्त..."

"रक्ताला काय धाड भरली होती माझ्या?"

इतकी वर्षं तो माणूस माझ्या घरी जेवला. मी त्याच्यासमोर बढाया मारल्या, ती ताट वाढत राहिली, आणि दोघांपैकी कुणीही मला कळू दिलं नाही. मी पिचकारी उकळत होतो तेव्हा ती जाणूनबुजून बाही सरकवत होती. अकरा वेळा.

"अगं, पण अकरा इंजेक्शनं," मी म्हटलं. "एवढं कशाला सोसलंस?"

"चार ऱ्हायली होती," ती म्हणाली. "लागली असती तर ती बी घेतली असती." आणि निवडलेली भाजी घेऊन ती आत गेली.

स्मशानात मला रडू आलं नव्हतं. ते तेव्हा आलं.